कार्यालय नसलेली संस्था: बोलोन्याची वाटचाल

युरोपातल्या पदव्या एकमेकींशी जुळवू पाहणाऱ्या बोलोन्या प्रक्रियेचा पत्ता कुणी विचारला तर सांगता येणार नाही. ४९ सदस्य देश, आइसलंडपासून कझाकस्तानपर्यंत पसरलेली विद्यापीठे आणि महाविद्यालये, आणि या सगळ्यांना बांधणाऱ्या व्यवस्थेला ना स्वतःची इमारत, ना कायमचा नोकरवर्ग, ना तिजोरी. दर दोन-तीन वर्षांनी शिक्षणमंत्र्यांची परिषद भरते. पुढची परिषद ज्या देशात व्हायची, तो देश तोवर सचिवालय चालवतो. परिषद आटोपली की दप्तर पुढच्या गावी. १९९९ च्या ज्या जाहीरनाम्यावर हे सगळे उभे आहे, त्याला आंतरराष्ट्रीय कराराचा दर्जासुद्धा नाही. तो मोडला म्हणून कुणाला न्यायालयात खेचता येत नाही. असे असूनही जर्मनीची डिप्लोम आणि मागिस्टर, इटलीची जुनी लाउरेआ, स्पेनची लिसेन्सियातुरा अशा पिढ्यान्‌पिढ्या रुळलेल्या पदव्या या बिनपत्त्याच्या संस्थेने पंचवीस वर्षांत बाजूला सारल्या.

कायदा नसताना हे जमले, आणि माझ्या मते काही अंशी कायदा नव्हता म्हणूनच जमले. मात्र ज्याचा गाजावाजा झाला ते एक आणि जे खरोखर साधले ते दुसरे. ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

सोफिया कोर्राडी या रोममध्ये कायदा शिकणाऱ्या विद्यार्थिनी. १९५०च्या दशकात त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि पदव्युत्तर पदवी घेऊन परतल्या. घरच्या विद्यापीठात ती पदवी दाखवली, तर ती धरायला नकार मिळाला आणि वर टोमणेही ऐकावे लागले. पुढे इटलीच्या कुलगुरू परिषदेच्या सल्लागार म्हणून काम करताना त्यांनी वर्षानुवर्षे एकच धोशा लावला: परदेशी विद्यापीठात केलेला अभ्यास घरी मोजला गेला पाहिजे. १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने इरास्मस योजना सुरू केली, तेव्हा त्या धोशाला फळ आले. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी एकमेकांच्या विद्यापीठांत गेले. इटलीत कोर्राडींना आजही ‘मम्मा इरास्मस’ म्हणून ओळखतात.

मुले जाऊ लागली आणि लगेच हिशेबाचा प्रश्न आला. बार्सिलोनाचा विद्यार्थी एक सत्र लायडनला शिकून आला, तर त्याचे तिथले चार विषय इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरायचे? म्हणून १९८९ मध्ये श्रेयांकांची एक सामायिक पद्धत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. एका पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक, आणि एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण २५ ते ३० तासांचे काम. या व्याख्येत ‘विद्यार्थ्याचे काम’ हे महत्त्वाचे. वर्गात बसलेले तास, ग्रंथालयातले तास, निबंध लिहिण्याचे आणि परीक्षेच्या तयारीचे तास, सगळे त्यात आले. आपल्याकडे श्रेयांक म्हटला की आठवड्याला एक तास व्याख्यान, असे पंधरा आठवडे, हे गणित प्राध्यापकांच्या अंगवळणी पडलेले असते. ते शिक्षकाच्या तासांचे गणित आहे. युरोपने मोजपट्टी शिक्षकाकडून काढून विद्यार्थ्याच्या हाती दिली, हा त्या वेळी कुणाच्या फारसा लक्षात न आलेला बदल.

तासांची बेरीज सोपी होती, पदव्यांची नव्हती. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत पदवी, जर्मनीत कागदोपत्री साडेचार-पाच वर्षांची आणि प्रत्यक्षात सहा-सात वर्षे खाणारी डिप्लोम, इटलीत मुदत उलटून गेली तरी विद्यापीठात नाव असलेल्या विद्यार्थ्यांची फौज. तिथे अशांना ‘फुओरी कोर्सो’, म्हणजे मुदतीबाहेरचे, असे अधिकृत नावच होते. हे सारखे करावे असे ब्रसेल्सला वाटले असते तरी हात बांधलेले होते. १९९२ च्या मास्ट्रिख्त करारातल्या शिक्षणविषयक कलमाने सदस्य देशांचे शिक्षणकायदे एकसारखे करण्यास युरोपीय संघाला स्पष्ट मनाई केली आहे. शिक्षण हे राष्ट्राच्या भाषेशी, इतिहासाशी जोडलेले, त्यात ब्रसेल्सच्या बाबूंनी पडू नये, ही त्यामागची भावना.

त्यामुळे पहिले मोठे पाऊल पडले ते युरोपीय संघाबाहेर. ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बनमध्ये युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून पदव्यांच्या मान्यतेचा एक करार केला. हा खराखुरा, संसदांनी मंजूर करायचा करार. १ फेब्रुवारी १९९९ पासून तो लागू झाला. बोलोन्याची गोष्ट सांगताना लोक लिस्बन एका वाक्यात उरकतात. मला मात्र साऱ्या वाटचालीतला सर्वांत धाडसी कागद हाच वाटतो. त्यात म्हटले आहे की दुसऱ्या सदस्य देशातली पदवी मान्य करायची. ठोस आणि महत्त्वाचा फरक दाखवता आला तरच नाकारायची. आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर नाही, तर नाकारणाऱ्या संस्थेवर. अर्ज करणाऱ्याने ‘माझी पदवी तुमच्याइतकीच आहे’ हे सिद्ध करत दारोदार फिरायचे नाही. खिडकीपलीकडच्याने ‘ती कमी आहे’ हे सिद्ध करायचे. कोर्राडींच्या वेळी हा नियम असता, तर टोमणे मारणाऱ्याला आधी कारणे लिहून द्यावी लागली असती.

ज्यांनी परदेशी पदवी घेऊन भारतात प्राध्यापकीसाठी अर्ज केला आहे, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अनेक दशके भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचे प्रमाणपत्र आणावे लागे, आणि ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स पदवी तर तिथे अडकूनच पडायची. लंडनहून एम.ए. करून आलेल्या मराठी मुलामुलींनी नेटसाठी किंवा पीएच.डी.साठी इथे पुन्हा दोन वर्षांचे एम.ए. केल्याची उदाहरणे आहेत. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात परस्पर मान्यतेचा समझोता झाला आणि ही गाठ सुटली. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे स्वतंत्र नियम काढले. सिद्ध करण्याचे ओझे मात्र अजून बहुतांशी अर्जदाराच्याच खांद्यावर आहे.

लिस्बन कराराचे जुळे भावंड म्हणजे पदवीसोबत जोडायचे पूरकपत्र, युरोपात सगळे त्याला डिप्लोमा सप्लिमेंट म्हणतात. ठरावीक आठ भागांत सगळी माहिती: ही पदवी कोणत्या पातळीची, किती काळाची, त्यात काय शिकवले, गुण कसे दिले, आणि शेवटच्या भागात त्या देशाची उच्च शिक्षणव्यवस्था थोडक्यात कशी आहे. हे पत्र विद्यार्थ्याने मागायचे नाही, त्यासाठी शुल्क भरायचे नाही, आणि ते युरोपात सर्रास वापरल्या जाणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे, असे २००३ मध्ये बर्लिनला मंत्र्यांनी ठरवले. मुदत २००५ ची होती. सर्वत्र ती पाळली गेली नाही, पण आज बहुतेक देशांत हे पत्र पदवीबरोबर हातात पडते. इथे पदवी प्रमाणपत्रासाठी आणि ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात हेलपाटे घातलेल्या वाचकाला त्याची किंमत कळेल.

आता गाजावाजाच्या भागाकडे वळू. २५ मे १९९८ रोजी पॅरिसच्या सोरबोनमध्ये, विद्यापीठाच्या ८०० व्या वर्षाच्या निमित्ताने, चार मंत्री जमले: फ्रान्सचे क्लोद आलेग्र, जर्मनीचे युर्गेन रुटगर्स, इटलीचे लुईजी बर्लिंग्वेर आणि ब्रिटनच्या टेसा ब्लॅकस्टोन. पदव्यांची रचना दोन मुख्य टप्प्यांत असावी, पदवी आणि पदव्युत्तर, असा संयुक्त जाहीरनामा त्यांनी काढला. चार मोठ्या देशांनी परस्पर ठरवून मोकळे व्हावे, हे बाकीच्यांना रुचले नाही. बर्लिंग्वेर यांनी सगळ्यांना पुढच्या वर्षी बोलोन्याला बोलावले. १९ जून १९९९ रोजी तिथे २९ देशांनी सह्या केल्या, आणि सोरबोनच्या मसुद्यातली एकसारखेपणाची भाषा सौम्य करण्यात आली. समजतील आणि एकमेकांशी ताडून पाहता येतील अशा पदव्या, दोन टप्पे, श्रेयांक, विद्यार्थी-शिक्षकांची ये-जा, गुणवत्तेच्या तपासणीत सहकार्य आणि शिक्षणातला युरोपीय दृष्टिकोन, अशी सहा उद्दिष्टे. मुदत २०१०.

बोलोन्याच का? ते युरोपातले सर्वांत जुने विद्यापीठ, स्थापना १०८८. (हे साल १८८८ च्या आठशेव्या वाढदिवसासाठी नेमलेल्या समितीने ठरवले आणि समितीचे प्रमुख होते कवी जोझुए कार्दुच्ची. पुढे नोबेल मिळवणाऱ्या कवीने विद्यापीठाची जन्मतारीख नक्की करावी, हे इटलीतच शोभते.) नऊशेव्या वाढदिवसाला, १८ सप्टेंबर १९८८ रोजी, तिथेच ३८८ विद्यापीठप्रमुखांनी ‘माग्ना कार्ता उनिव्हर्सितातुम’ या सनदेवर सह्या केल्या होत्या: विद्यापीठ हे राजकीय आणि आर्थिक सत्तेपासून नैतिक आणि बौद्धिकदृष्ट्या स्वतंत्र असले पाहिजे. ही सनद तेव्हा समारंभाची वाटली. तिची खरी गरज पुढे पडली.

मंत्र्यांनी इतक्या चटकन सह्या का केल्या, याचे उत्तर युरोपप्रेमात शोधू नये. बहुतेकांना घरचे काम उरकायचे होते. इटलीत प्रवेश घेणारे खूप आणि पदवी घेऊन बाहेर पडणारे थोडे. प्राध्यापकांचा विरोध मोडून अभ्यासक्रम लहान करायचे तर ‘युरोपात ठरले आहे’ हे वाक्य हाती असलेले बरे. बोलोन्याच्या जाहीरनाम्यावरची शाई वाळते न वाळते तोच इटलीने १९९९ मध्येच तीन अधिक दोन वर्षांची रचना हुकूम काढून लागू केली. जर्मनीने तर १९९८ मध्येच चौकट-कायद्यात बदल करून बॅचलर-मास्टर्सला वाट मोकळी केली होती. ब्रिटनने सही केली आणि फारसे काही केले नाही. बॅचलर आणि मास्टर्स त्यांच्याकडे आधीपासून होतेच. स्पेनने बराच वेळ घेतला आणि २००७ मध्ये तीन वर्षांऐवजी चार वर्षांची पदवी निवडली. फ्रान्समध्ये विद्यापीठांची रचना बदलली, पण ग्रांद एकोल या निवडक संस्था आणि त्यांची इंजिनिअर पदवी ताठ उभीच राहिली, फक्त तिला मास्टर्सचा दर्जा लावला. एकाच जाहीरनाम्याची इतकी रूपे निघाली, कारण जाहीरनामा पोकळ होता, आणि पोकळ होता म्हणूनच त्यात प्रत्येकाला आपापले सामान भरता आले.

पुढच्या परिषदांचा प्रवास भराभर सांगून टाकतो. २००१ ला प्राग, तिथे विद्यार्थी संघटनांना बरोबरीचे स्थान मिळाले आणि उच्च शिक्षण हे सार्वजनिक हिताचे आहे असे लिहिले गेले. २००३ ला बर्लिन, रशियाचा प्रवेश, पीएच.डी. तिसरा टप्पा म्हणून जोडली गेली. २००५ ला नॉर्वेतले बर्गन, युक्रेन, जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान आणि मोल्दोव्हा आले, सदस्य ४५. २००७ ला लंडन. २००९ ला बेल्जियममधल्या लोव्हेन आणि लुव्हँ-ला-नव्ह या जोडशहरांत, २०२० पर्यंत २० टक्के पदवीधरांनी काही काळ परदेशात शिकलेले असावे असे ठरले. हे लक्ष्य अर्ध्यावरही गेले नाही. पैसा कुणी द्यायचा हे जाहीरनाम्यात नसल्यावर दुसरे काय होणार?

बर्गनमधली एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. तिथे गुणवत्तेच्या तपासणीची युरोपीय मानके मंजूर झाली. ती कुणी लिहिली? तपासणी संस्थांची संघटना, विद्यापीठांची संघटना, व्यावसायिक उच्च शिक्षण संस्थांची संघटना आणि विद्यार्थ्यांची संघटना, या चौघांनी मिळून. विद्यापीठ तपासायला येणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांच्या पथकात किमान एक विद्यार्थी असलाच पाहिजे, ही अट त्यातून आली. तो पथकाचा पूर्ण सदस्य; अहवालावर त्याचीही सही. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या आपल्या नॅकची समिती महाविद्यालयात यायची तेव्हा विद्यार्थीही समोर बसायचे, पण प्रश्नांची उत्तरे द्यायला, आणि कोणते विद्यार्थी बसवायचे हे प्राचार्यांनी आदल्या दिवशी ठरवलेले असायचे. नॅकची स्थापना १९९४ ची, म्हणजे बोलोन्याहून जुनी. टेबलाच्या पलीकडे विद्यार्थी बसवण्याचा विचार आपल्याकडे अजून रुजलेला नाही.

आणि आता जर्मनी, कारण बोलोन्याचा खरा तमाशा तिथे झाला. डिप्लोम-इंजिनिअर ही पदवी १८९९ मध्ये सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने तंत्रविद्यापीठांना बहाल केलेली. जर्मन यंत्रांबरोबर तिचाही दबदबा जगभर पसरला; किर्लोस्करवाडीपासून राउरकेलापर्यंत आपल्या कारखान्यांतल्या जुन्या लोकांना ती अक्षरे माहीत होती. विद्यार्थी दोन वर्षांनी एक पूर्वपरीक्षा द्यायचा आणि मग बराच मोकळा असायचा. कोणते व्याख्यान ऐकायचे, केव्हा परीक्षेला बसायचे, हे तोच ठरवी. या मोकळेपणात अनेक जण वाहून जात, तिशीकडे झुकले तरी पदवी नाही. पण काही जण त्यातच विचार करायला शिकत. बोलोन्याच्या नावाखाली या सगळ्याच्या जागी सहा सत्रांची बॅचलर आली. प्रत्येक विषयाचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला परीक्षा, आणि पहिल्या सत्रापासूनचा प्रत्येक गुण अंतिम श्रेणीत. प्राध्यापकांनीही एक चलाखी केली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा गाभा हलका करण्याऐवजी त्यांनी तो तीन वर्षांत कोंबला. जर्मन विद्यार्थ्यांनी या प्रकाराला ‘बुलिमी-लेर्नन’ असे नाव ठेवले. आपण ते ‘घोका आणि ओका’ म्हणून शाळेपासून ओळखतो.

२००९ च्या शरद ऋतूत भडका उडाला. २२ ऑक्टोबरला व्हिएन्ना विद्यापीठाच्या सर्वांत मोठ्या व्याख्यानगृहाचा विद्यार्थ्यांनी ताबा घेतला आणि तो जवळजवळ दोन महिने, २१ डिसेंबरपर्यंत, सोडला नाही. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांत तेच लोण पसरले. स्पेनमध्ये त्याआधीच बार्सिलोनात आंदोलने झाली होती. विद्यार्थ्यांच्या तक्रारींत शुल्क होते, गर्दी होती, बाजाराच्या तालावर शिक्षण नाचवल्याचा राग होता, आणि बोलोन्या हे या सगळ्याचे सोयीचे नाव होते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी जाहीरनाम्यात कुठेच नव्हत्या. त्या घरच्या सरकारांनी त्याच्या आडून केल्या होत्या. मंत्र्यांना ‘युरोपात ठरले आहे’ हे वाक्य सुधारणेसाठी उपयोगी पडले, तेच आता त्यांच्यावर उलटले. जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी परीक्षांचे ओझे कमी करण्याचे आणि मुदतीचे नियम सैल करण्याचे मान्य केले.

मार्च २०१० मध्ये बुडापेस्ट आणि व्हिएन्ना येथे मंत्र्यांनी बोलोन्यातून घडवायच्या ‘युरोपीय उच्च शिक्षण क्षेत्रा’ची विधिवत घोषणा केली. कझाकस्तान ४७ वा सदस्य झाला. समारंभ ज्या व्हिएन्नात, तिथल्याच रस्त्यांवर विरोधकांचे मोर्चे. घोषणापत्रातच मंत्र्यांनी कबूल केले की काही सुधारणा नीट राबवल्या गेल्या नाहीत आणि नीट समजावूनही सांगितल्या गेल्या नाहीत. सरकारी वाढदिवसाच्या कागदात इतके प्रांजळ वाक्य क्वचितच सापडते.

डिप्लोम पूर्णपणे गेली नाही. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठाने अभियांत्रिकीच्या काही शाखांत ती जपून ठेवली. वकिली आणि वैद्यकी तर जर्मनीने बोलोन्यात आणलीच नाही. तिथे अजून सरकारी परीक्षा चालते. मग नाव बदलून मिळाले काय? मिळाले ते मुख्यतः बाहेरच्यांना. पुण्यामुंबईचा तीन वर्षांची बी.एस्‌सी. किंवा चार वर्षांची बी.ई. झालेला विद्यार्थी आज जर्मन मास्टर्सला अर्ज करू शकतो, कारण तिथे आता मास्टर्स नावाची स्वतंत्र पायरी आहे. पूर्वीच्या पाच वर्षांच्या अखंड डिप्लोममध्ये मध्येच शिरायला दारच नव्हते. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीय सर्वाधिक आहेत, त्यामागे इतर अनेक कारणे असली तरी हे दार उघडले नसते तर ती कारणे बाहेरच थांबली असती.

दारातून आत जाताना आपल्या मुलांना ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ भेटते. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ ही उत्तीर्णतेची सीमा. सूत्र असे: आपल्या पद्धतीतल्या कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ८ मिळाले आणि उत्तीर्णतेची सीमा ४ असेल तर उत्तर २.० येते. सीमा ५ असेल तर त्याच ८ चे २.२ होतात. म्हणजे तुमच्या विद्यापीठाने नापासांची रेषा कुठे आखली आहे, यावर हुशार मुलाचे जर्मन गुण ठरतात. आणि प्रवेशाची सीमारेषा दशांशावर असते. इतकी खटपट करून मानके जुळवली, तरी शेवटी एक विद्यापीठ गुण उधळते आणि दुसरे चिमटीने देते, ही गोष्ट कुठल्याही सूत्रात बसत नाही.

श्रेयांकांचेही तसेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२३ मध्ये आपण राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आणला. वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक. युरोपात वर्षाला १,५०० ते १,८०० तास आणि ६० श्रेयांक. बहुतेक विद्यापीठे वर्षाला वर्ष धरून ४० चे ६० करून मोकळी होतात. तासांचा हिशेब कुणी काटेकोर मांडला तर तो जुळत नाही, म्हणून कुणी मांडत नाही. मला यात काही गैर वाटत नाही. लिस्बनचा गाभाच असा आहे की फरक असेल, पण तो इतका मोठा आहे का, ते विचारा.

पूर्वेकडच्या देशांत बोलोन्याचा अर्थ निराळाच होता. जॉर्जियात २००३ च्या क्रांतीनंतर प्रवेशातली लाचखोरी मोडायची होती. २००५ मध्ये देशभर एकच प्रवेशपरीक्षा सुरू झाली आणि त्याच वर्षी देश बर्गनला सदस्य झाला. सुधारकांना बाहेरचा आधार हवा होता, तो मिळाला. बेलारूसमध्ये उलटे घडले. मिन्स्कमधले युरोपियन ह्युमॅनिटीज युनिव्हर्सिटी सरकारने २००४ मध्ये बंद पाडले, ते लिथुआनियातल्या विल्नियसला हलले. बेलारूसचा बोलोन्यासाठीचा अर्ज २०१२ मध्ये नाकारला गेला, आणि २०१५ मध्ये येरेवानच्या परिषदेत अटींच्या यादीसह स्वीकारला गेला. २०२० च्या निवडणुकीनंतर विद्यार्थ्यांची विद्यापीठांतून हकालपट्टी झाली, तेव्हा त्या यादीचे काय झाले ते दिसले. हंगेरीने तर आत बसूनच तसे केले. २०१७ च्या कायद्याने बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीची कोंडी केली आणि ती व्हिएन्नाला गेली. तो कायदा युरोपीय कायद्याच्या विरुद्ध आहे असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. बोलोन्याजवळ मात्र बोट दाखवायला कलमच नव्हते. श्रेयांक किती असावेत ते लिहिलेले होते. विद्यापीठ हद्दपार करू नये, हे नव्हते.

२०२० मध्ये रोमच्या, महामारीमुळे पडद्यावर भरलेल्या, परिषदेत मंत्र्यांनी शैक्षणिक स्वातंत्र्याची सामायिक व्याख्या मंजूर केली. सान मारिनो ४९ वा सदस्य झाला. दोन वर्षांत ती व्याख्या कसाला लागली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली. मार्चच्या सुरुवातीला रशियाच्या कुलगुरू संघाने चढाईला पाठिंब्याचे पत्रक काढले. युरोपीय विद्यापीठ संघटनेने त्यावर सह्या करणाऱ्या आपल्या १२ रशियन सदस्य विद्यापीठांना निलंबित केले. एप्रिलमध्ये, दोन परिषदांमधल्या काळात काम पाहणाऱ्या बोलोन्याच्या पाठपुरावा गटाने रशिया आणि बेलारूसचे सहभागाचे हक्क गोठवले. रशियानेही मग बोलोन्या ही आपल्यासाठी संपलेली गोष्ट असल्याचे सांगून २०२३ मध्ये सहा विद्यापीठांत जुन्या रचनेकडे परतण्याचा प्रयोग सुरू केला. ज्या संस्थेने कुणाला कधी शिक्षा केली नव्हती, तिला पहिल्यांदाच दार बंद करावे लागले.

त्या चढाईनंतर खारकीव आणि कीवहून परतलेल्या विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातलीही बरीच मुले होती, बहुतेक वैद्यकीय शाखेची. युक्रेन २००५ पासून बोलोन्याचा सदस्य, तिथले श्रेयांक युरोपभर ओळखीचे. पण या मुलांसाठी निर्णय घेणार होता भारताचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. २०२१ च्या नियमांनी परदेशातला पूर्ण अभ्यासक्रम एकाच संस्थेत हवा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने अपवाद केला: दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिका, पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच असेल. म्हणजे कोर्राडींनी मागितले होते तेच, एका युद्धाच्या निमित्ताने, एका अपवादापुरते.

युरोपात दरम्यान मान्यतेचे काम पुढे सरकले आहे, आणि ते बोलोन्याच्या मोठ्या सभागृहाबाहेर. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि तीन बाल्टिक देश यांनी २०२१ मध्ये एकमेकांच्या पदव्या आपोआप मान्य करण्याचा करार केला. तिथे आता समकक्षतेचा अर्जच करायचा नाही. कागदपत्रे मागे टाकून आलेल्या निर्वासितांच्या शिक्षणाची मुलाखतीवरून शहानिशा करून दाखला देण्याची युरोप परिषदेची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचेही मूळ लिस्बन करारातल्या एका कलमात आहे. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन इरास्मसमधून बाहेर पडले, पण बोलोन्यात राहिले. सोडायला तिथे काही बंधन नव्हतेच.

२९ आणि ३० मे २०२४ रोजी अल्बेनियाच्या तिरानात मंत्री भेटले तेव्हा जाहीरनाम्याला पंचवीस वर्षे होत होती. चर्चेचा भर श्रेयांकांवरून मूल्यांवर सरकलेला होता: शैक्षणिक स्वातंत्र्य, सचोटी, विद्यापीठांची स्वायत्तता, कारभारात विद्यार्थी-कर्मचाऱ्यांचा वाटा, आणि सार्वजनिक जबाबदारी, समाजाची उच्च शिक्षणाप्रती तशीच उच्च शिक्षणाची समाजाप्रती. ही मूल्ये प्रत्येक देशात किती पाळली जातात हे मोजण्याचे निकष ठरवण्याचे काम सुरू आहे. २०२७ ची परिषद रोमानियातल्या याश आणि मोल्दोव्हातल्या किशिनाव या दोन शहरांत मिळून व्हायची आहे; एक युरोपीय संघात, दुसरे बाहेर. आजवर प्रत्येक परिषदेपुढे प्रगतीचा जो अहवाल आला, त्याची बरीच माहिती सरकारांनी स्वतःच भरून दिलेली असते. २००३ पासून युरोपातल्या विद्यार्थी संघटना त्याला समांतर आपला अहवाल काढतात, आणि दोघांतले देश पुष्कळदा एकमेकांना ओळखू येत नाहीत. श्रेयांकांच्या बाबतीत त्याने फार बिघडत नव्हते. शैक्षणिक स्वातंत्र्याचा रकाना कुणी भरायचा, यावर पाठपुरावा गटात आता वाद चालणार.